जपमाळेचा दुसरा अर्धा

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय फादर कुरियाकोस, प्रमुख पाहुणे डॉक्टर रघुनाथराव साहेब, आपल्या शाळेच्या मुख्याध्यापिका सिस्टर जेसिंता, सत्कारमूर्ती रेजिनाबाई लोपीस, आणि मिसेची प्रार्थना आटोपल्यावर घरी स्वयंपाक वाट पाहत असतानाही इथे थांबलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो, तुम्हा सर्वांना मी विजयमाला, सौंसरची, नम्रपणे जय येशू म्हणते.

फादरांनी मला सांगितलं, महिला मंडळातर्फे चार शब्द बोला. मी मॅट्रिक झालेली, घरात बसून घर चालवणारी बाई. भाषण म्हणून शेवटचं जे बोलले ते शाळेत, झेंड्याच्या दिवशी, आणि तेही मास्तरांनी लिहून दिलेलं. आज माझं मी लिहून आणलं आहे. पण कागदावरून नजर हलली की मी घरच्यासारखं बोलेन, ते तुम्ही सांभाळून घ्याल अशी आशा करते.

डॉक्टर साहेबांनी आत्ताच रेजिनाबाईंच्या नोकरीबद्दल सांगितलं. सौंसरच्या सरकारी दवाखान्यात त्यांच्या हातांनी किती लेकरं जगात आली, त्यांनी किती जखमा धुतल्या, ते साहेबांहून चांगलं मी काय सांगणार? ह्या महिन्याअखेर त्या रिटायर होऊन वसईला पुतण्याकडे चालल्या. आनंदाची गोष्ट आहे. आपल्या माणसांत, आपल्या देवळाच्या घंटेखाली जाऊन राहायचं, याहून दुसरं काय पाहिजे? मी आनंदाने टाळ्या वाजवल्या. तुम्ही पाहिल्याच असतील.

आता मी सौंसरचं सांगते, कारण ते दुसरं कोणी सांगणार नाही.

इथे पांढुर्ण्यात तुमचं चर्च भरलेलं आहे. रविवारी मिसा, बुधवारी नोव्हेनाची प्रार्थना, उपवासकाळात शुक्रवारी क्रुसाची वाट, शनिवारी पोरांचं धर्मशिक्षण. रेल्वेची दोन घरं बदलून गेली तर तीन नवीन येतात. माझ्या सौंसरात संत्र्याच्या गाड्या आहेत, कापसाचा बाजार आहे, नागपूरची बस आहे. आपली घरं मात्र दोनच. एक रेजिनाबाईंचं क्वार्टर, आणि एक माझं. महिन्यातून एका रविवारी फादर मोटारसायकलवर येत आणि क्वार्टरमधल्या टेबलावर मिसा करत. एरवी त्या टेबलावर पट्ट्यांचे डबे असायचे. ते उचलून पलंगाखाली सरकवले की झालं आमचं चर्च.

बाकीच्या आठवड्यांत आमची होती शनिवारची जपमाळ, आणि तिच्यासोबत ही माउली, येशूच्या आईची मूर्ती.

ती तुम्हाला टेबलावर दिसते आहे, हारांच्या मागे. वीतभर उंचीची, नाकाचा रंग थोडा उडालेला. ही घरोघर फिरणारी माउली आहे. तिचा नियम तुम्हाला माहीत आहेच. ती एका घरी आठवडाभर राहते. शनिवारी दिवेलागणीला जपमाळ म्हणायची आणि तिला पुढच्या घरी पोचवायचं. पुढचं घर नसेल तर ती फिरती माउली राहत नाही. तुमच्याकडे तिला पुन्हा पहिल्या घरी यायला वर्ष लागतं. आमच्याकडे ती क्वार्टरमधून माझ्याकडे आणि माझ्याकडून क्वार्टरमध्ये. बाजारातल्या बाया हसायच्या, "तुमच्या देवीले दोनच सोयरे हायेत का वो?" रेजिनाबाई म्हणायच्या, "दोन हायेत, पण दोघीही तिले आयतं जेवू घालतात, काम सांगत नाहीत."

वसईची बाई, पण बोलणं पाहा. पहिल्यांदा आली तेव्हा तिचं बोलणं मला कळेना आणि माझं तिला. आता पुतण्याचं पत्र आलं की वाचून म्हणते, "हा पोरगा काय लिहून राहिला, विजयमाले, तूच पाय." तिकडे गेल्यावर तिच्या घरचेच तिला विचारतील, बाई तुम्ही कुठल्या?

आधीच्या फादरांनी ही मूर्ती आम्हाला दिली, तो शनिवारच होता. आम्ही दोघी पांढुर्ण्याहून बसने निघालो. शनिवार म्हणजे जामसांवलीच्या मारुतीची गर्दी, पाय ठेवायला जागा नाही. रेजिनाबाईंनी मूर्ती टॉवेलमध्ये गुंडाळून छातीशी धरली होती. एक म्हातारे गृहस्थ हातात नारळ घेऊन बसले होते. त्यांनी विचारलं, "लेकरू हाय का वो?" रेजिनाबाईंनी टॉवेल जरा बाजूला केला. ते लगेच उठून उभे राहिले. "बसा बाई. देव उभा राहते का कुठी?" ते जामसांवलीला उतरले, आणि आम्ही सौंसरपर्यंत त्यांच्या जागेवर आळीपाळीने बसलो.

तर अशी आमची माउली. आज सकाळी आम्ही तिला त्याच टॉवेलमध्ये गुंडाळून आणलं, कारण मागल्या भेटीत फादरांनी सांगितलं की रेजिनाबाई गेल्यावर सौंसरात एकच घर उरतं. एका घरात मूर्ती फिरणार कशी? म्हणून तिने इथेच राहावं आणि मी रविवारी पांढुर्ण्याला येत जावं. फादरांचं म्हणणं खरं आहे. नियम त्यांनी केला नाही. मीही तेव्हा मान हलवली. मान हलवायची मला सवय आहे.

बंधू-भगिनींनो, सत्काराच्या भाषणात असं बोलावं की नाही ठाऊक नाही, पण एक गोष्ट सांगितल्याशिवाय रेजिनाबाईंनी काय केलं ते कळणार नाही.

डॉक्टर साहेबांसाठी सांगते. आमच्या जपमाळेत प्रत्येक मण्याच्या प्रार्थनेचे दोन भाग असतात. पहिल्या भागात माउलीची स्तुती, तो एकीने म्हणायचा. दुसऱ्या भागात मागणं. आम्हा पाप्यांसाठी विनंती कर, आता आणि आमच्या मरणाच्या वेळी. तो बाकीच्यांनी म्हणायचा. तुमच्याकडे बाकीचे म्हणजे खोलीभर माणसं. आमच्याकडे बाकीचे म्हणजे रेजिनाबाई. पहिल्या शनिवारी ती म्हणाली, "तुझा आवाज गोड आहे, तू पुढे म्हण." तेव्हापासून स्तुती माझ्याकडे आणि मागणं तिच्याकडे. बदलायचं कधी सुचलं नाही.

मेणबत्तीचंही तसंच. ती नवी लावायची, मी शेवटचा मणी ओढला की फुंकून उरलेली डबीत ठेवायची. ती म्हणायची, "देवापुढे तरी कंजूषी नको करू वो!" मी म्हणायची, "कंजूषी नाही बाई, अंधार उद्या पण पडते." ती चिडायची. मग पुढच्या शनिवारी माझ्या डबीतलाच तुकडा शोधून लावायची आणि मी पाहते की नाही ते पाहायची.

गेल्या वर्षी ती पुतण्याच्या लग्नाला वसईला गेली. माउली माझ्याकडे होती. शनिवार आला. मी तुकडा लावला, माळ घेतली, आणि एकटी बसले. पहिला मणी म्हटला आणि थांबले. मग दुसरा म्हटला आणि थांबले. असं करत माळ संपली. माझ्या शेजारच्या केसरबाई ओट्यावर तूर पाखडत होत्या. आमचं दर शनिवारचं त्यांच्या कानावर असतं. त्या म्हणाल्या, "आज लौकर आटोपलं वो? देवीनं सुट्टी देल्ली का?"

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मी फक्त पहिला भाग म्हणून थांबत होते. सवयीने वाट पाहत होते, आणि जेवढी वाट पाहायची तेवढी पाहून पुढच्या मण्यावर जात होते. सगळी माळ मी तिची स्तुती केली आणि एकदाही काही मागितलं नाही.

मला हसू आलं. मग मी पुन्हा बसले, दुसरा भागही म्हणायचा म्हणून. आणि सांगायला लाज वाटते, तो माझ्या तोंडातून निघेना. पाठ नाही असं नाही. इतकी वर्षं ऐकलेला आहे. मिसेला सगळ्यांसोबत म्हणतेही. पण घरात, एकटीने, मोठ्या आवाजात, माझ्यासाठी माग असं कोणाला म्हणायचं, हे मला जमेना. मी मागणारी बाई नाही. माहेरी शिकवलं, आहे त्यात भागवावं. सासरी तेच केलं. घरचा हिशेब माझ्याकडे असतो आणि तो मी कोणाकडे हात न पसरता जुळवते. त्याचा मला थोडा गर्वही आहे, फादरांना कबुलीत सांगितलेला आहे.

मग मला आमच्या यांचं आठवलं. माझे यजमान सुखदेव, कापसाच्या जिनिंगमध्ये मुनीम होते, तुमच्यातले काही जण ओळखत असतील. त्यांच्या दुखण्यात रेजिनाबाई रोज ड्यूटी सुटल्यावर यायची, सुई द्यायची, मग उशाशी बसायची आणि आम्ही माळ म्हणायचो. तिथेही मी स्तुती केली. मरणाच्या वेळी आमच्यासाठी विनंती कर, हे त्यांच्या कानाशी तिनेच म्हटलं. शेवटच्या दिवशीसुद्धा. माझ्या नवऱ्यासाठी मागायचं कामदेखील तिने केलं, आणि मी ते तिच्यावर सोडलं आहे हे मला तेव्हा कळलंही नाही. मुलगी लग्न होऊन जबलपूरला गेली, तिच्या सुखासाठीही हिनेच मागितलं असणार. लोक म्हणतात, रेजिनाबाई सुई अशी देतात की समजत नाही. मी म्हणते, सुईचं काय घेऊन बसलात?

आता तुम्ही म्हणाल, मग काय झालं, पांढुर्ण्याला येत जा, इथे सगळे आहेत म्हणायला. येईन. बसला पैसे पडतात, पण येईन. इथे आपण हिंदीत म्हणतो, तेही छान आहे, देवाला सगळ्या भाषा येतात. पण शनिवारी दिवेलागणीला सौंसरात माझ्या घरी काय असेल? आठवड्याचे बाकीचे दिवस मी कसेही काढते, धुणं आहे, दळण आहे. एक शनिवारची संध्याकाळच अशी होती, की त्या वेळी कोणीतरी माझं अर्धं वाक्य पुरं करायचं.

फादर, परवा मी घरातला कोनाडा पुसत होते. केसरबाई दारात आल्या. "देवीले पाठवून राहिले म्हणे तुमी?" मी म्हटलं, हो, पुढचं घर नाही उरलं. त्या म्हणाल्या, "काहून? माह्यं घर काय पडलं का?" मी म्हटलं, अहो, तुम्ही मारुतीच्या, तुम्हाला आमची माळ कुठे येते. तर म्हणाल्या, "न येवो. रातच्या गोष्टीले आपण काय करतो? एक सांगते, दुसरा हुंकारा देते. हुंकारा नसला त गोष्ट पुढं जाते का? तुमी म्हणा, मी हूं म्हणीन. आन् हप्ताभर ठेवीन तिले, तुमच्यावाणी मेणबत्ती नाई इझवणार." इतकी वर्षं ओट्यावरून ऐकलं तर एवढं त्यांच्याही ध्यानात आलेलं.

मी तेव्हा कोनाडाच पुसत राहिले. आज बोलते. भाषणात हे लिहून आणलं आहे, म्हणजे मागे फिरता येणार नाही.

फादर, माउलीला सौंसरात राहू द्या. एक घर माझं आणि पुढचं घर केसरबाईंचं. ते आपल्या पॅरिशच्या घरांच्या वहीत नाही हे मला माहीत आहे. तसं चालतं की नाही हेही मला माहीत नाही, तुम्हीच सांगायचं. आत्ताच सांगा असंही नाही. पण टॉवेल माझ्या पिशवीत आहे. तो मी सकाळीच इथे ठेवून द्यायला हवा होता. ठेवला नाही.

रेजिनाबाई, तुझ्यासाठी मी काही भेट आणली नाही. मंडळाने शाल दिली, ती माझ्याही वर्गणीतली समज. केसरबाई हूं म्हणतील, ते गोड लागेल, पण तो तुझा अर्धा नाही. तो आता मला म्हणावा लागेल. शनिवारी मी पहिला भाग म्हणेन, थोडी थांबेन, ते थांबणं आता जाणार नाही, आणि मग दुसरा म्हणेन. तू वसईला देवळात भरल्या बाकावर बसली असशील. तिथे मागणारे पुष्कळ असतील. तेव्हा एखाद्या मण्याला तू पहिला भाग म्हणून पाहा. बरं वाटतं.

या समारंभासाठी खुर्च्या मांडणाऱ्या तरुण मंडळींचे, चहा ठेवणाऱ्या सिस्टरांचे, वेळ काढून आलेल्या डॉक्टर साहेबांचे आणि मला मध्येच न थांबवणाऱ्या फादरांचे मी मनापासून आभार मानते. बोलण्यात काही अधिक-उणं झालं असेल, कोणाचा मान द्यायचा राहिला असेल, तर क्षमा करा. हे मागायचं कामही आजपर्यंत रेजिनाबाईकडे होतं. आज माझं मी मागते आहे.