लिंडनरसाहेबांचं उत्तर

म्हणजे तुम्हीही त्यातलेच की! विद्यापीठातली ती मन मोजायची, आत्म्याची प्रयोगशाळा! अहो, घाबरताय काय, बसा — लाइपझिगमध्ये खोल्या भाड्यानं देणाऱ्या बाईला त्यात काही नवं नाही. खोली सकाळीच रिकामी झालीय, गादी उन्हात टाकलीय. आधीचे भाडेकरू? तेही तुमच्यातलेच, लिंडनरसाहेब. आमचे पाद्री म्हणतात, आत्मा देवाचा, त्याला घड्याळ लावणं पाप. मी म्हणते, लावू दे की! इतकी शतकं पंडित नुसते वाद घालत बसले, कुणाच्या हाती काय लागलं? हे लोक निदान उठले, यंत्रं आणली — घंटा वाजली की कळ दाबायची, मध्ये मनाला किती वेळ लागला ते मोजायचं. आज मी तुझं मन तपासतो, उद्या तू माझं. पोरांच्या खेळासारखं. मला तर गंमत वाटायची.

पण तो तुमचा नियम — तो घरी आणला ना, की जीव खातो बघा. वस्तूचं नाव घ्यायचं नाही! मनात काय उमटलं तेवढंच सांगायचं, नाव दिलं की चूक. मी विचारणार, सूप कसं झालंय? लिंडनरसाहेब डोळे मिटणार — 'उष्ण, खारट, जिभेच्या कडेला किंचित आंबट, एकंदर सुखद.' अहो, चांगलं झालंय म्हणा ना! — नाही, 'चांगलं' हा निष्कर्ष. हसताय? मीही हसायचे. आमचे हे गेल्यापासून या टेबलावर मला कुणी हसवलं नव्हतं... ते जाऊ दे.

तर काल जेवणं झाल्यावर बोलता बोलता विषय निघाला — निघाला कसला, मीच काढला. सरळ विचारलं, लिंडनरसाहेब, माझ्याबद्दल तुम्हाला काय वाटतं? बाईमाणसानं विचारू नये, ठाऊक आहे मला, पण हा माणूस आपणहून तोंड उघडणाऱ्यातला नव्हेच. तर त्यांनी काय करावं? चष्मा काढला, डोळे मिटले — आणि म्हणतात, 'छातीत डावीकडे ऊब. घशाशी दाब. बोटं गार. ताण आहे, पण सुखद.' मी म्हटलं, याला म्हणायचं काय? तर म्हणे, 'नाव देणं माझं काम नाही, ओटिलीबाई.' माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, मी काय सूप आहे? उद्याच्या उद्या खोली सोडा! सोडली. आज दुपारच्या गाडीनं ड्रेस्डेनला जाणार आहेत, कायमचे. बरं झालं, सुटले मी.

काय? मला आत्ता काय वाटतंय? अहो, वाटायचंय काय — राग येतोय राग! हां, तो निष्कर्ष झाला, नाही का. बरं बाबा, तुमच्या पद्धतीनं. हे घ्या, मिटले डोळे. घसा... घसा कुणी आवळल्यासारखा. बोटं गारठलीत. आणि इथं छातीत — शेगडी जरा जास्तच पेटलीय वाटतं... नाही हो, शेगडी तर मी सकाळीच विझवली.

अगं बाई.

अहो, तुम्ही त्यांच्यातले, खरं सांगा — तो माणूस मला हो म्हणत होता? तुमच्यात यापेक्षा जास्त कुणी बोलतच नाही? — मान काय हलवताय नुसती, तोंडानं सांगा! — नको, राहू द्या, वेळ कुठाय, गाडी सुटेल! माझी टोपी... मरू दे ती टोपी. उठा, उठा आधी! खोली? कसली खोली? मला खोली द्यायची नाहीये — सरका हो दारातून!