पहिलं बाळंतपण कुणाकडे

शकू : तासभर झाला आपण फिरतोय, बकुळाताई. माझ्या लेकीने मला एकदाही विचारलं नाही, आई, पाय दुखतात का म्हणून. तुम्हाला दोनदा विचारलं.

बकुळा : माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय ना, विहीणबाई. तुम्ही कशा टकाटक चालता. तुम्हाला काय विचारणार?

शकू : चालते म्हणजे दुखत नाहीत असं थोडंच आहे. आणि ते झाड. एवढी झाडं आहेत ह्या बागेत, गोरखचिंच काय, कैलासपती काय, उर्वशी काय. बाईसाहेब थांबल्या कुठे, तर बकुळीखाली. ‘आये, हे तुमचं झाड.’ लगेच फुलं वेचून तुमच्या ओंजळीत. आठवा लागलाय, वाकायचं नाही, एवढंही कळू नये?

बकुळा : खाली बसून वेचली तिने. मी बघत होते.

शकू : शकू नावाचं झाड नसतं. त्याला मी काय करणार?

बकुळा : घ्या, अर्धी तुम्ही घ्या.

शकू : नकोत मला.

बकुळा : बरं, बसा तरी. तिच्या म्युझियमच्या ऑफिसातून चावी आणेपर्यंत टाइम लागेल तिला. शेडमधला तो नवीन दगड दाखवायचाय म्हणते. सुट्टीवर जायच्या आधी दोन्ही घरच्यांना आपलं काम दाखवायचं, असं डोक्यात घेतलंय तिने.

शकू : मला ठाऊक आहे, माझीच मुलगी आहे ती. दगडांचं वेड तिला सासरी नाही लागलं. हा समोरचा दगड दिसतोय ना, मातृकांचा? कॉलेजात असताना मला इथे आणून दाखवला होता तिने. गोदीकडे खणताना मिळालेला. सात बायका, प्रत्येकीच्या मांडीवर मूल.

बकुळा : शेवटच्या बाईच्या मांडीवर नाय दिसत.

शकू : झिजलंय. होतं.

बकुळा : वॉर्डात अशाच ओळीने बसायच्या बायका. एकतीस वर्षं बघितलं. नवीन आईला काय सुचत नाय, मूल धरायचं कसं तेपण आपणच दाखवायचं.

शकू : हां, तेच. सासूबाई नर्स होत्या म्हणून पोर तिकडे राहतेय, असं सांगते मी सगळ्यांना. काहीतरी सांगावं लागतंच ना. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, बकुळाताई. माझं झालं, माझ्या आईचं झालं. गिरगावातली मागची खोली रंगवून घेतली मी. यांना गॅलरीत झोपायला पाठवलं. डिंक आणला, अळीव आणले, शेपा भाजून बरणी भरली. आणि गुरुवारी फोन येतो. ‘आई, मी डिलाईल रोडलाच राहीन.’ संपलं. पुढे भाजी काय केलीस.

बकुळा : मला ठाऊक हाय तो फोन.

शकू : असणारच. तुमच्या दोन खोल्यांत काय लपून राहतंय.

बकुळा : दोन खोल्यांत तीन पोरं वाढवली मी. एक तुम्ही जावई केलात.

शकू : मी नाही केला. तिने केला.

बकुळा : बोललात ते बरं केलंत. चार वर्षं तोंडावर दिसत होतं, आज कानाने ऐकलं.

शकू : तसं नव्हतं म्हणायचं मला. राजरत्न चांगला मुलगा आहे. माझी तक्रार तुमच्याबद्दल आहे. गोड बोलून तुम्ही माझी मुलगी घेतलीत. घरी आली तरी ‘आये असं करतात, आये तसं करतात’. सुकटीची चटणी खाते आता. आमच्या घरात जिला कोळंबी सोलूनसुद्धा हातात द्यावी लागायची. जळते मी, खोटं कशाला बोलू? तुमचं नाव काढलं की पोटात दुखतं माझ्या.

बकुळा : आता मी सांगते, ऐका. मी तिला राहा म्हटलेलं नाय. तीन वेळा सांगितलं, बाई, माहेरी जा. आईचा हात वेगळा असतो. चौथ्यांदा सांगितलं तर रडायला लागली, म्हणून गप बसले.

शकू : का रडली? माझ्याकडे यायला रडली?

बकुळा : ते तिला विचारा.

शकू : म्हणजे तुम्हाला सांगितलंय. मला नाही, तुम्हाला.

बकुळा : सांगितलं नाय काय. मला कळलं.

शकू : काय कळलं?

बकुळा : नको, विहीणबाई. चांगल्या दिवशी कशाला.

शकू : माझी मुलगी माझ्या घरी यायला रडते, आणि म्हणे चांगला दिवस. बोला.

बकुळा : डोहाळजेवण. तुमच्या हॉलमध्ये. वल्लरी हिरवी साडी नेसून पाटावर. एकेक बाई उठते, ओटी भरते, येऊन बसते. तुमच्या जावेने भरली, जावेच्या सुनेने भरली, समोरच्या ब्लॉकमधल्या मारवाडीणबाईने भरली. तुम्ही नावं घेऊन बोलवत होता. मी खुर्चीत होते, पंख्याखाली. मग तुम्ही म्हणालात, चला, आता जेवायला बसू या.

शकू : अहो, पण तुमच्यात नसतं ना ते ओटीबिटी. तुमच्याकडे बुद्धवंदना असते. उगाच तुम्हाला अवघडल्यासारखं होईल, म्हणून नाही बोलावलं.

बकुळा : मी नारळ आणलेला.

शकू : काय?

बकुळा : नारळ, खण, तांदूळ. पिशवीत होतं. आमच्यात नसेल, सुनेच्या माहेरी आहे ना, म्हणून आणलेलं. घरी येऊन पिशवी वल्लरीने रिकामी केली. नारळ हातात घेऊन उभी राहिली ओट्याजवळ. दुसऱ्या दिवशी त्याची चटणी केली मी. त्या दिवसापासून माहेराचं नाव नाय काढलं तिने.

शकू : तुम्ही मला सांगायचंत. मी काय मनकवडी आहे?

बकुळा : भरल्या बायकांत उभी राहून सांगू, की मलापण बोलवा?

शकू : माझ्या ध्यानातच आलं नाही हो.

बकुळा : बरं.

शकू : नाही. खोटं आहे ते. ध्यानात होतं. मारवाडीणबाई उठल्या, त्यानंतर तुमचंच नाव होतं माझ्या ओठांवर. समोर जाऊबाई बसल्या होत्या, माई. लग्नालाही आल्या नव्हत्या त्या, पाया पडून आणलं होतं त्यांना. मनात आलं, ह्या उठून गेल्या तर. सगळ्यांदेखत ताटावरून गेल्या तर. म्हणून गिळलं तुमचं नाव.

बकुळा : मला ठाऊक होतं.

शकू : तरी आज आलात माझ्याबरोबर?

बकुळा : सून म्हणाली चला, आले. आणि जळायचं म्हणाल तर मीपण जळते. माझ्या घरी राहते, माझ्या हातचं खाते, पण पायात गोळा आला की ओरडते कशी? ‘आई गं.’

शकू : ते सगळेच म्हणतात.

बकुळा : माझा राजरत्न ‘आये’ म्हणून ओरडतो.

(वल्लरी चावी घेऊन येते.)

वल्लरी : सॉरी, वॉचमन चहाला गेले होते. काय झालं? आई, रडतेयस? आये, भांडलात की काय तुम्ही?

बकुळा : नाय गं. बोलत होतो.

शकू : वल्लरी, डोहाळजेवणाला मी ह्यांना मुद्दाम बोलावलं नाही. विसरले नव्हते.

वल्लरी : माहितीये मला.

शकू : मग मला विचारलं का नाहीस? इतके दिवस मी ह्यांनाच दोष देत बसले.

वल्लरी : तू आपणहून बोलशील, म्हणून थांबले होते. माझ्या पोटात आहे ते आयेंचं नातवंड आहे, आई. त्याला तिथे नेऊन उद्या कुठल्या खुर्चीत बसवू?

शकू : चुकलं माझं. बकुळाताई, चुकलं. वल्लरी, आता येशील ना घरी? खोली तयार आहे.

वल्लरी : नाही, आई.

शकू : अजूनही नाही?

वल्लरी : नाही. डिलाईल रोडलाच राहणार मी. तू ये तिकडे.

शकू : बरं. बकुळाताई, रोज सकाळी येऊ का मी? बाळाला न्हाऊ घालायला? मला येतं.

बकुळा : मला बसून घालता येत नाय, गुडघा दुमडत नाय. मी तुमचीच वाट बघत होते. डिंकाचे लाडूपण आणा. आणि बारसं आमच्या चाळीत होईल, तेव्हा त्या माईंना घेऊन या.

शकू : त्या नाही येणार हो.

बकुळा : ते त्यांना म्हणू दे. तुम्ही बोलवा तरी.

शकू : वल्लरी, माईंना फोन लाव.

वल्लरी : आत्ता? अगं, बारशाला अजून किती वेळ आहे.

शकू : आत्ताच लाव. घरी गेले की माझा धीर जाईल.