मोदकांना दहापैकी गुण

द्वारकेकडे जाणाऱ्या मेट्रोत मानसच्या समोरच्या बाकावर सात माणसं होती. पाच जणांच्या कानांत इअरफोन होते आणि उरलेली दोघं मराठीत बोलत होती. मंडळाच्या मोदक-स्पर्धेसाठी इंद्रजितने वेबसाइट बनवली होती आणि नीरजाच्या आईचे मोदक त्या स्पर्धेत होते. मानसने आपलं गाणं बंद केलं.

“निकाल आत्ता लागेल. आईने दोन दिवस नारळ खवलेत, इंद्रजित. कुणी दहापेक्षा जास्त गुण दिले तर?”

“देताच येत नाहीत. पानावर एक ते दहाची यादी आहे. अकरा दिसतच नाही, तर निवडणार कसा?”

“आणि ते पान टाळून कुणी थेट सर्व्हरला अकरा पाठवले तर?”

“म्हणजे सर्व्हरने पुन्हा तपासायचं? आपल्याच माणसांवर एवढा संशय? यार, मंडळ आहे ते, विमानतळ नाही.”

“लताकाकूंचा हेरंब कॉम्प्युटर शिकतोय.”

“गुणी मुलगा आहे. टेस्टिंगला त्यानेच मदत केली.”

“अच्छा. परवा तुमच्या सोसायटीच्या गार्डने माझा फोटो काढला, नंबर घेतला, वर फोन करून तुला विचारलं.”

“बिल्कुल. आमची सिक्युरिटी कडक आहे.”

“आणि मागचं गेट?”

“ते उघडंच असतं. कामवाल्या बायकांना पुढून लांब पडतं ना.”

नीरजाचा फोन वाजला.

“लागला?”

“लागला. आई दुसरी. सरासरी नऊ पूर्णांक चार.”

“उत्तम की! आणि पहिलं कोण?”

“लताकाकू. दहापैकी अकरा पूर्णांक दोन.”