वीतभर शिवण

नाही, पण मला सांगा, ज्या माणसाला बादलीत पाय घालतानासुद्धा विचार करावा लागतो, त्याला तीन दिवस समुद्रात नेऊन ठेवायची काय गरज होती? आणि तेसुद्धा वाऱ्याच्या भरवशावर. वाऱ्यावर वाळत घातलेले कपडे जातात हो, माणसं कशाला जातील... पण आमचे मेहुणे. तुम्हाला सांगतो, बायकोचे हे थोरले भाऊ दातांचे डॉक्टर आहेत, आणि तीस वर्षं समोरच्याच्या तोंडात कापूस कोंबून बोलायची सवय झालीय, त्यामुळे समोरचा माणूस नाही म्हणू शकतो हे त्यांच्या गावीच नाही. "भावोजी, तीन दिवस. किनाऱ्याकिनाऱ्यानं जायचं, संध्याकाळी बंदर गाठायचं, होडीतच झोपायचं. ठरलं." मी नुसता आ केला होता. त्यांना तेवढा पुरतो.

आता तुम्ही म्हणाल, शिंपीदादा, एवढे घाबरट होतात तर गेलात कशाला? अहो, भीती पाण्याची असती तर पोट दुखतंय म्हणून घरी बसलो असतो. भीती वेगळीच होती. ती कुणाला सांगायची सोय नव्हती. ती होती वीतभर. फक्त वीतभर.

झालं असं, की मेहुण्यांनी कुणाची तरी जुनी शिडाची होडी घेतली, आणि तिचं मोठं शीड मधोमध फाटलेलं निघालं. ते गाठोडं आणून टाकलं माझ्या दुकानात. "भावोजी, हे काम तुमच्याशिवाय कुणाला जमणार?" आता असं कुणी म्हटलं की माझी अक्कल मशीनखाली जाते, हा माझा जुना आजार आहे. मी छाती काढून म्हटलं, "आणा. माझ्या हातची टीप उसवली तर मिशी उतरवीन." शीड म्हणजे काय, चादरीसारखं सरळ कापड, त्यात काय एवढं. जाड नायलॉनचा दोरा आणला, ठिगळ लावलं, दुहेरी टीप मारली, हाताबरोबर पाठसुद्धा दुखायला लागली, आणि शेवटची वीतभर शिवण राहिली असताना रीळ संपलं.

बाजार लांब. पोटात कावळे. आणि समोर खणात पांढऱ्या सुती दोऱ्याचं रीळ. उशांच्या अभ्र्यांना वापरतो मी ते. रंग तोच. लांबून कोण बघतंय? वीतभरच तर आहे, म्हटलं, उरकून टाक. उरकलं. जेवलो. ताणून दिली. त्या दिवशी इतकी छान झोप लागली होती, म्हणून सांगतो.

कारण ती शेवटची झोप. दोन दिवसांनी मेहुणे शीड घेऊन गेले आणि जाताना सगळ्यांना आमंत्रण देऊन गेले. मी, बायको, सोळा वर्षांची आमची मुलगी, आणि सासूबाई. सासूबाई तर घरातूनच ते फुगीर नारिंगी जाकीट घालून निघाल्या. रिक्षावाला म्हणाला, "आजी, पूर आलाय का?" त्या म्हणाल्या, "येईल." मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. एवढ्या सगळ्यांत एकट्या त्यांनाच परिस्थितीची जाणीव होती.

पहिला दिवस म्हणाल तर झुळूक. ऊन, पाणी, मुलगी फोटो काढतेय, मेहुणे सुकाणू धरून गुणगुणतायत. आणि मी? मी मान वर करून बसलेलो. सगळे किनारा बघतायत, मी शीड बघतोय. त्या ठिगळाचा खालचा कोपरा, तिथली वीतभर शिवण. शीड फुगलं की माझा श्वास आत, शीड सैल पडलं की श्वास बाहेर. आणि आमची बायको बसली कुठे, तर नेमकी त्या कोपऱ्याखाली. निवांत संत्रं सोलतेय. मी म्हटलं, "अगं, इकडे ये, तिथे ऊन लागेल." "इथेच सावली आहे," म्हणाली. मी म्हटलं, "शीड अंगावर येईल." "कशानं येईल?" आता काय सांगू कशानं? तिनं एकदा वर बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि एक फोड माझ्या हातावर ठेवली. ती तशीच धरून मी पुन्हा वर बघत बसलो.

शीड उतरवायला मी काय काय नाही केलं. मळमळतंय म्हटलं. मेहुणे म्हणाले, "लांबवर बघा, भावोजी." म्हटलं, इंजिन आहे ना, जरा त्यावर जाऊ. तर ते इंजिन दुसऱ्या दिवशी सकाळीच दोनदा खोकून गप्प बसलं. मेहुणे म्हणतात कसे, "असू दे, तुमचं शीड आहे की." तुमचं.

आणि त्याच दुपारी, डोंगराचं एक टोक समुद्रात घुसलेलं होतं, ते ओलांडलं मात्र, वारा असा अंगावर आला की टोपी गेली. होडी एका कुशीवर. भांडी गडगडत एका बाजूला, सासूबाई त्यांच्या मागोमाग. उजवीकडे काळे खडक, त्यांच्यावर पांढरा फेस, आणि मेहुण्यांचं गुणगुणणं बंद. ते बंद झालं तेव्हा मी खरा हादरलो. ते एवढंच म्हणाले, "शिडानं धरलं तर निघून जाऊ पलीकडे. सगळ्यांनी घट्ट धरा."

शिडानं धरलं तर. आणि शिडात काय, तर उशीच्या अभ्र्याचा दोरा. खाऱ्या पाण्यात दोन दिवस भिजलेला. वीतभर. मी बघतोय, ठिगळ ताणलंय, कापड कडकड वाजतंय, आणि पोरगी मला बिलगून म्हणते, "बाबा, मला नाही भीती वाटत. हे तू शिवलंयस ना."

संपलं. तुम्हाला सांगतो, त्यापेक्षा तिनं मला पाण्यात ढकललं असतं तर बरं झालं असतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि तोंडातून सगळं भडाभडा बाहेर पडलं. रीळ संपलं होतं, भूक लागली होती, सुती दोरा लावला, मी लबाड माणूस आहे, शीड उतरवा, ते फाटणार, माझ्यामुळे सगळे बुडणार... मेहुणे सुकाणू न सोडता म्हणाले, "भावोजी, मी असे दात बसवले असते तर?" मुलीनं माझा हात सोडला. हळूच सोडला, पण सोडला. मेहुणे दोर सोडायला वळले, तोच बायको म्हणाली, "दादा, शीड राहू दे."

"अगं, ऐकलंस ना यांनी काय केलंय ते?"

"माहितीय मला. हे जेवून झोपले तेव्हा मी उसवलं ते. बाजारातून रीळ आणलं आणि पुन्हा शिवलं. दुहेरी टीप आहे. धरेल."

धरलं हो. अर्ध्या तासात खडक मागे पडले, पाणी शांत झालं, सासूबाई भांड्यांतून उठल्या. मी बायकोजवळ सरकलो. म्हटलं, "दोन दिवस मी जिवंतपणी मरतोय, तुला दिसत होतं ना? बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "तुम्ही कधी बोलताय, ते बघत होते." मग थोड्या वेळानं मी भीत भीत विचारलं, असं उसवून शिवायची वेळ तुझ्यावर एकदाच आली का? तर म्हणाली, "बावीस वर्षं झाली आपल्या लग्नाला." आणि दुसरं संत्रं सोलायला घेतलं.

मिशी शाबूत आहे. वाऱ्यानं टीप उसवली नाही ना, शब्द तो शब्द. पण परवा एक जुने गिऱ्हाईक आले, म्हणाले, "शिंपीदादा, बारा वर्षं झाली या कोटाला, एक टाका हलला नाही. हात आहे तुमचा." मी नुसती मान डोलावली. दुकानाच्या पडद्यामागे बायकोचं मशीन क्षणभर थांबलं, आणि पुन्हा सुरू झालं.

हल्ली काज-बटणं मी करतो.