परवडणारी सायकल

...आणि स्टँड वेगळा! घंटी वेगळी, मडगार्ड वेगळं. तुम्हाला सांगतो, मी दुकानदाराला विचारलं, बाबा रे, चाकं तरी याच किमतीत आहेत ना? तो हसला नाही. "साहेब, ही परवडणारी सायकल. ग्रुपबरोबर हौसेनं फिरायला एवढी पुष्कळ झाली." आता हौस कुणाला होती? मला? हौस आमच्या साडूला. तो दर रविवारी त्या सायकलवाल्यांच्या ग्रुपबरोबर जातो आणि सासरी जेवायला बसलो की पहिल्या घासापासून चढउतार सांगत सुटतो. मग माझी बायको माझ्याकडे बघते. बोलत नाही, नुसती बघते. शेवटी दिलं नाव. लगेच कॅप्टनचा मेसेज : "स्वागत. आपला ग्रुप कुणालाही मागे सोडत नाही."

रविवारी सकाळी मैदानाच्या फाटकाशी गेलो, तर सगळे घट्ट चकचकीत कपड्यांत, नुकतेच पाण्यातून काढलेल्या माशांसारखे. आणि विषय काय, तर वजन. स्वतःचं नव्हे हो, सायकलचं! एकानं आपली सायकल दोन बोटांवर उचलून दाखवली आणि मला विचारलं, "तुमची कितीची भरते?" म्हटलं, कल्पना नाही, मी हिला उचलायचं ठरलेलं नाही, हिनं मला उचलायचं ठरलंय. तोही हसला नाही. या छंदात हसूसुद्धा वेगळं विकत घ्यावं लागतं बहुतेक.

सपाटीवर बरा होतो मी. मग पाण्याच्या टाकीचा चढ आला. "गिअर बदला, गिअर," असं सांगत साडू पुढं गेला. मी बदलला, तर कर्रर्र... चेन खाली. मान वर करतो तो ग्रुप वळणाआड. राहिले एक दातांचे डॉक्टर. त्यांचं कामच ते, सगळ्यांत शेवटी थांबायचं आणि रेंगाळणाऱ्याला धीर द्यायचा. "छान चाललंय तुमचं," म्हणाले. अहो, मी उभा होतो! तेवढ्यात त्यांना फोन आला, पुढं कुणाचं तरी पाणी संपलंय. "आलोच," म्हणून तेही गेले. कुणालाही मागे सोडत नाही म्हणे...

काय करणार, बायकोला फोन लावला. आली स्कूटरवरून, घरच्याच कपड्यांत. मला वाटलं, आता चांगलंच ऐकवणार. तर तिनं सायकल उलटी केली, बोटानं चेन चढवली, पॅडल हातानं फिरवून पाहिलं. मी बघतच राहिलो.

"तुला येतं हे?"

"कॉलेजला सायकलवरूनच जायचे मी. दादाची होती. लग्न झालं, ती तिकडेच राहिली."

"कधी बोलली नाहीस."

"विचारलंत कधी?"

"जरा बघू," म्हणाली, माझं हेल्मेट चढवलं आणि बसली. मला वाटलं, समोरच्या झाडापर्यंत जाऊन येईल. झाड गेलं, वळण गेलं, बाई काही परत येईना. मग मी स्कूटर काढली. वाटेत साडू भेटला, सायकल हातात धरून चालत होता. मी हॉर्न दिला... उगाच आपला.

वर सगळे चहा पीत होते आणि ही त्यांच्यात उभी, घामानं निथळलेली, लालबुंद, आणि हसत होती. असं हसताना मी तिला पाहिल्याला किती वर्षं झाली, कुणास ठाऊक. कॅप्टननं तिचं नाव लिहून घेतलं आणि मला म्हणाला, "जरा फोटो काढता का आमचा?" काढला. पाच मिनिटांत ग्रुपवर आला, खाली ओळ : "कुणालाही मागे सोडत नाही." खरंच आहे, सगळे आहेत त्यात, मागून पोचलेला साडूसुद्धा. काढणारा तेवढा नाही.

आता दर रविवारी ती जाते. परवा साडू विचारत होता, "तुम्ही येत नाही हल्ली?" म्हटलं, येतो की, सायकल मोकळी झाली की येतो.

होत नाही हो.