शेवटची अकरा पानं

जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. मला चारचौघांत बोलता येत नाही, डेअरीत फॅट तपासताना मी आकड्याशिवाय फारसं बोलत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. म्हणून आधी काय घडलं ते क्रमाने सांगते.

एक. मंगळवारी सकाळी दूध मोजताना नानांच्या, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांच्या, छातीत दुखलं.
दोन. त्यांना सांगलीला दवाखान्यात नेलं.
तीन. बुधवारी संध्याकाळी मी त्यांना एका कादंबरीची शेवटची अकरा पानं वाचून दाखवली.
चार. शुक्रवारी सकाळी नाना गेले.

तिसरी गोष्ट इथे कुणालाच माहीत नाही. त्यासाठी मी उभी आहे.

ती कादंबरी कोणती, हे तुम्हाला सांगायला नको. सरकारी खजिना लुटून डोंगरातल्या गरिबांना वाटणारा तो फरारी. नानांनी पलटणीतून सुट्टीवर येताना सातारा स्टँडवर जुन्या पुस्तकांत ती घेतली. पुढे डेअरीत रोज संध्याकाळी, रांग लागली की, माप सुरू करण्याआधी एक पान मोठ्यानं वाचायचे. तुम्ही किटल्या खाली ठेवून ऐकायचात. पुस्तक संपलं की पुन्हा पहिल्यापासून.

सखूमावशी, तुम्ही म्हणायचात, "आवं नाना, आज मारू नगासा त्याला. माजी म्हस आटंल."
मागून कुणीतरी विचारायचं, "फौजदाराला गावला का न्हाई?"
नाना म्हणायचे, "तुज्या दुधात पाणी गावंल तवा त्योबी गावंल. सरक फुडं."

शेवट मात्र नाना वाचायचे नाहीत. पुस्तक मिटायचे आणि माप घालता घालता तोंडी सांगायचे. पुस्तकाची शेवटची अकरा पानं नव्हतीच. हे मला सहा महिन्यांपूर्वी कळलं. मी त्यांना म्हटलं, "नाना, पानं नाहीत." ते म्हणाले, "असू दे की."

मी असू दिलं नाही. माझ्या कामात अर्धं मोजमाप चालत नाही. सांगलीत शोधून मी पूर्ण प्रत आणली. दवाखान्यात नाना भिंतीकडं बघत पडले होते. त्यांना बरं वाटेल असं मला वाटलं. मी वाचलं. एकही ओळ गाळली नाही.

छापलेल्या शेवटात फरारी शरण येतो. माफी मागतो. साथीदारांची नावं सांगतो. एकेकाचं नाव, गावासकट.

नानांनी विचारलं, "ह्ये पुस्तकात हाय?"
मी म्हटलं, "हो."
"तसंच हाय?"
"तसंच आहे, नाना."
"मिट."

या वाचण्यामुळे नाना गेले, असं मी म्हणत नाही. मृत्यूचं कारण डॉक्टरांनी लिहून दिलं आहे. मी एवढंच म्हणते, की त्यानंतर ते पुस्तकाबद्दल बोलले नाहीत. गुरुवारी मी विचारलं, "नाना, तुम्ही शेवट कसा सांगायचात?"
ते म्हणाले, "तुला आता खरा म्हाईत झाला की."

नाना सांगायचे तो शेवट मी कधीच ऐकला नव्हता. मी मशीनजवळ असायचे. मशीनचा आवाज असायचा. आणि तुम्ही? ज्याचं दूध मोजून व्हायचं तो किटली उचलून निघायचा. दोन दिवसांत मी चौदा जणांना विचारलं. एकाला नदी आठवते. एकाला घोडा. बाकी सगळे म्हणाले, "लय झ्याक सांगायचे." काय सांगायचे, ते कुणालाच सांगता येईना. सगळा शेवट ऐकणारा माणूस एकच होता, स्वतः नाना.

नानांच्या प्रतीला मागे मी अकरा कोरी पानं शिवली आहेत. पुढच्या सोमवारी ती प्रत वाचनालयात देणार आहे. पानं भरतील असं मला वाटत नाही. तरी विचारते.

आता आपण नानांसाठी दोन मिनिटं उभे राहू. त्या शांततेत फक्त एवढंच आठवून बघा: नाना पुस्तक मिटायचे, पहिलं माप घालायचे, आणि मग काय म्हणायचे?

एक वाक्य आठवलं तरी कागदावर लिहून, किंवा तोंडी, येत्या रविवारी संध्याकाळी दूध घालायला याल तेव्हा मला द्या. आठवत नसेल, तर तेही रविवारपर्यंत सांगा.