यमुनाबाईंचं दुसरं माप

विचुंब्याच्या मंडळींनो, तुम्ही सगळे जमलात, मलाही बोलायला सांगितलंत. अशा वेळी काय बोलावं ते मला सुचत नाही. जे माहीत आहे ते सांगते. तेही आज जड जातंय.

यमुनाबाई तुमच्या धवलारीण. इथल्या कितीजणांच्या लग्नात त्या गायल्या! मी नवीन पनवेलची, त्यांची दातांची डॉक्टर. सगळे दात गेले तेव्हा कवळीसाठी त्या माझ्याकडे आल्या. मापाचा ओला लगदा तोंडात जाताच त्यांना उमासे यायचे. "डाक्टरीन बाय, या लगद्यानंच पोट भरंल, मंग दात कशाला?" म्हणाल्या. मग स्कॅन केला. बारीक कॅमेरा हिरड्यांवरून फिरवला, माप झालं. कवळी आली. जेवताना छान, बोलताना छान.

गाताना पडायची.

स्कॅनला मी नावं ठेवत नाही. पुष्कळांना ती कवळी पुरते. पण स्कॅननं हिरड्या टिपल्या त्या स्थिर. लांब सूर लावला की गाल, ओठ, जीभ सगळं हलतं, आणि यांच्या कवळीची कड सुटायची. म्हणून त्या ओठ आवळून गायच्या. आणि तुम्ही काय म्हणालात? "म्हातारीचा आवाज गेला." म्हणालात ना? नातीच्या हळदीला त्यांच्या धवल्याच्या गाण्याऐवजी नुसता डीजे सांगितलात.

ते ऐकून त्या परत आल्या. "घाल तो लगदा."

उमासे गिळत बसल्या. माप घ्यायच्या साच्याच्या कडांना मी गरम, मऊ लेप लावला. म्हटलं, आता ओठ हलवा, गाल हलवा. बाईंनी साचा तोंडात असतानाच धवला सुरू केला! शब्द एक कळेना, चाल मात्र पक्की. हलत्या तोंडाचं माप असं मिळालं.

ती कवळी बसवली त्या दिवशी दवाखान्यात आम्ही दोघीच होतो. अख्खा धवला म्हणाल्या. उघड्या तोंडानं, मोकळ्या गळ्यानं. कवळी जागची हलली नाही. मी म्हटलं, घरी सांगा. "नाय. हलदीलाच दावते सगल्यांना."

हळदीआधीच त्यांचं हृदय थांबलं.

पूजा, त्यांची नात तू, समोर बसली आहेस. तो धवला तुझ्यासाठी होता. तो ऐकलेली मी एकटी, म्हणून सर्वांसमोर सांगते. तुझ्या आजीचा आवाज गेला नव्हता. शेवटपर्यंत गेला नव्हता.

आता श्रद्धांजलीसाठी सगळे उभे राहा. ज्यांनी तसं म्हटलं, त्यांनी आधी. आणि अजिबात बोलू नका.